बालीच्या बाईचं कापड

मंदाताई,

मी पाणी घेऊन आले तेव्हा तू गेलेली होतीस.

एवढंच झालं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते आणि प्रत्येकीला वाटतं, मी मधलं काहीतरी गाळतेय. "अहो, पण आधी काही झालं असेल ना? छातीत दुखत होतं? घाम फुटला होता?" काही नव्हतं. आपण दोघी जावा ओट्यावर बसलेलो, तू मेथी निवडत होतीस, मी लसूण सोलत होते. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू होते. तू म्हणालीस, "आज दुपारी बापूंना सांगूनच टाकते. जेवण झालं की ते जरा खुशीत राहतात, तेव्हा..." आणि थांबलीस. मग म्हणालीस, "रेखा, पाणी आण गं. गळा सुकला."

मी माठापाशी गेले, तांब्या भरला, वाटेत गॅसवरचं दूध बघितलं. परत आले तर तू भिंतीला टेकलेली, मांडीवर मेथीची जुडी, डोळे अर्धे मिटलेले. मला वाटलं, उन्हानं डोळा लागला. "घे," म्हटलं. तू घेतलं नाहीस. मला चक्क राग आला. "ताई, घे ना, हात भरून आला माझा."

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य हे आहे आणि ते तू ऐकलंस की नाही, मला माहीत नाही.

दवाखान्यात तुझा चेतन डॉक्टरांच्या मागे मागे फिरत होता. "एक बार और देख लो ना, डॉक्टर साहब. सकाळी चाय बनाई थी इन्होंने." जणू सकाळी चहा केलेल्या माणसाला त्याच दिवशी मरायची परवानगी नसते. डॉक्टर भले होते, त्यांनी खरोखर पुन्हा तपासलं. बायकोला आत सोडून दादा बाकावर बसले होते. त्यांच्या हातात तुझी चप्पल होती. ती त्यांनी कधी उचलली, का उचलली, त्यांनाही सांगता येईना.

घरी आणलं तेव्हा शेजारणी जमल्याच होत्या. सवाष्ण गेली म्हणून तुला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. तुझ्या माहेरचे आले, पेपर मिलच्या कॉलनीतले जुने शेजारीही बरोबर आले. भावानं आणलेली साडी तुझ्या अंगावर घातली. मग मावशीकडची आली. मग विहिणीकडची. मग गल्लीतल्या एकेकीनं आणली. साडीवर साडी, साडीवर साडी. मला सारखं वाटत होतं, ताईला उकडेल. उन्हाळ्यात तू पदरसुद्धा खांद्यावर टिकू द्यायची नाहीस. शेवटी मी एका बाईचा हात धरला आणि म्हटलं, "बस झालं हो, किती घालाल?" ती म्हणाली, "अगं, तिला काय आता उघडी पाठवायची का?"

उघडी. तो शब्द ऐकला आणि मी आत जाऊन बसले. कारण गेले कित्येक महिने तुझ्यामाझ्यात त्याच एका शब्दावर बोलणं चाललं होतं आणि त्याबद्दलच तू त्या दुपारी सासऱ्यांना, बापूंना, सांगणार होतीस.

*

'उघडीचा फोटो' ही आपल्या घरातली जुनी गोष्ट. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दागिने, देव आणि पाहुण्यांची ओळख करून दिली, तेवढ्या फोटोची नाही. ती तू दिलीस. भरदुपारी, सगळे शेतावर गेलेले असताना, आजेसासऱ्यांची पत्र्याची पेटी उघडून. फौजी आबांची पेटी. दुसरी मोठी लढाई संपल्यावर त्यांची पलटण बरेच दिवस जावा-बालीच्या बाजूला होती. परत आले ते एक कांबळं, एक मग आणि हा फोटो घेऊन.

तुझ्या खांद्यावरून वाकून मी तो पहिल्यांदा बघितला. दगडी पायरीवर बसलेली एक बाई. काखेपासून खाली घट्ट गुंडाळलेलं कापड, त्यावर मोठमोठ्या चांदण्यांसारखी नक्षी. कमरेला पट्टा बांधलेला. डोक्यात फुलं. खांदे उघडे. मांडीवर मूल, त्याचं डोकं तुळतुळीत. मागे दगडाची मूर्ती, आणि मूर्तीच्या कमरेला चौकड्याचं कापड, आपल्याकडे माणसं टॉवेल गुंडाळतात तसं.

"कोण गं ही?" मी विचारलं.

"सासूबाईंची सासू."

"म्हणजे?"

"म्हणजे आबांची तिकडची बायको, असं म्हणतात. आणि हे पोर बापूंचा भाऊ. जिजी हिला 'ती उघडी' म्हणायची. मरेपर्यंत तोंड पाहिलं नाही फोटोचं." जिजी म्हणजे आबांची बायको, बापूंची आई. आपण दोघी ह्या घरात यायच्या आधीच गेलेली.

मग तू मला तुझी गोष्ट सांगितलीस. तू नवी नवरी असताना हा फोटो सापडला म्हणून ऐन जेवणाच्या पंगतीत घेऊन आलीस आणि हसत विचारलंस, "बापू, ही कोण?" बापूंनी हातातला घास खाली ठेवला, हात धुतले आणि भरल्या ताटावरून उठून गेले. त्या माणसानं जन्मात कधी अन्न टाकलेलं नाही. सासूबाईंनी तुला पुन्हा पेटीला हात लावू नकोस म्हणून बजावलं. तू हात लावत राहिलीस, पण बापूंना पुन्हा विचारलं नाहीस. कुणीच नाही.

मला आठवतं, त्या दुपारी मी म्हटलं होतं, "काळं कापड नेसलीय. अपशकुनी दिसतं."

"काळं कुठे? लाल आहे ते."

"ताई, फोटोच काळापांढरा आहे. तुला लाल कसं दिसलं?"

"दिसत नाही गं. पण नेसलीय बघ कशी, ताठ बसून. काळं नेसून कुणी असं बसतं का?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. पापड वाळत घालताना, केळीचे वेफर तळताना, दिवाळीची साफसफाई करताना मध्येच तू म्हणायचीस, "लालच होतं." मी म्हणायचे, "काळं." पोरांना वाटायचं, आई आणि काकूला काहीतरी झालंय.

*

चेतनचं लग्न झालं आणि तो पूजाला घेऊन बालीला फिरायला गेला, तेव्हा आपल्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. हल्ली सगळेच जातात. तुला फक्त एवढीच काळजी होती की तिथे वरण-भात मिळेल का. मग पूजानं मोबाइलवर फोटो पाठवले. समुद्र, भातशेती, माकडं. तू चष्मा लावून एकेक बघत होतीस आणि एका फोटोवर थांबलीस. दोघं कुठल्याशा देवळाच्या दारात उभे, कमरेला पिवळा पट्टा.

"रेखा, इकडे ये." तुझा आवाज असा होता की मी हातातली कढई तशीच ठेवून आले. "हा पट्टा बघ. आपल्या उघडीच्या कमरेला आहे तोच."

फोन लावलास. पूजा हसली. "मम्मी, वो तो सबको बांधना पड़ता है मंदिर में जाने से पहले. हमको भी गेट पे दिया."

"का बांधायचा?"

"गाइड बोला, कमरेच्या वरचं मन देवाकडे आणि खालचं खाली ठेवायचं. कुछ ऐसा ही. पूछूं क्या उसको?"

"पूछ. आणि आणखी एक फोटो पाठवते, तो पण दाखव त्याला."

तू आबांच्या फोटोचा फोटो काढलास, बोट मध्ये आलं म्हणून पुन्हा काढलास, आणि पाठवलास. मी म्हटलं, घरातली झाकलेली गोष्ट परदेशातल्या माणसाला कशाला दाखवायची? तू म्हणालीस, "त्याच्या घरातली आहे ती. आपण झाकून ठेवली."

गाइडचं नाव वायान. तो इंग्रजीत बोलायचा, पूजा ते हिंदीत सांगायची आणि तू मला मराठीत. एवढ्या वाटेनं त्यातलं किती खरं पोचलं देव जाणे. त्यालाही सगळं ठाऊक नव्हतं. 'आईला विचारून सांगतो' म्हणाला आणि ती दोघं परत आल्यावरसुद्धा त्याचे बोललेले निरोप पूजाच्या मोबाइलवर येत राहिले. ते आपण स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून ऐकायचो. एकही शब्द कळायचा नाही, तरी तू माना डोलवायचीस.

पहिल्यांदा कळलं ते मूर्तीच्या कापडाचं. काळे-पांढरे चौकडे. ते तिकडे देवळाच्या रखवालदार मूर्तींना नेसवतात, मोठ्या झाडांनाही गुंडाळतात. चांगलं आणि वाईट, उजेड आणि अंधार, दोन्ही आहेतच आणि दोन्ही धरूनच चालायचं, असा त्याचा अर्थ. तू म्हणालीस, "म्हणजे ह्या अख्ख्या फोटोत एवढंच कापड खरं आलंय. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. बाकी सगळ्यांचे रंग गेले."

मग बाईच्या कापडाचं कळलं. वायानची आई म्हणाली होती, नक्षीवरून वाटतं की हे त्यांच्याकडे एकाच गावात विणतात ते कापड. उभे धागे आणि आडवे धागे, दोन्ही आधी गाठी बांधून रंगवायचे आणि मग असे विणायचे की नक्षीवर नक्षी बरोब्बर बसली पाहिजे. एका कापडाला वर्षं लागतात. मागांच्या आवाजात आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्या बायकांना ते ऐकून घाम फुटला. तुला लगेच शेजारच्या गुजराती काकूंचं पाटोळं, ती पटोला साडी, आठवलं. तेही असंच विणतात हे त्यांनीच तुला सांगितलं होतं.

"और कलर?" तू पूजाला विचारलंस. बाकी सगळं राहू दे, आधी ते.

"रेडिश ब्राउन, मम्मी. लालसर. और थोड़ा काला, थोड़ा क्रीम."

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "काळं पण आहे ना त्यात." तू एवढी हसलीस की ठसका लागला.

पण पुढचं ऐकून हसणं थांबलं. पूजा म्हणाली, त्या कापडाच्या नावाचाच अर्थ 'आजार नको' असा आहे. ते रोजचं नेसायचं नाही. देवाच्या कामाला, मुलाचे पहिले केस काढतात तेव्हा, आणि कुणी आजारी असलं तर त्याच्या अंगावर घालायला. मूल तुळतुळीत डोक्याचं आहे, तेव्हा बहुतेक त्याच दिवसाचा फोटो असेल. आणि खांदे उघडे ठेवून असं कापड बांधणं हा तिकडचा जुना रिवाज. अगदी सोवळं नेसावं तसं.

तू फोटो पुन्हा जवळ घेतलास. मग म्हणालीस, "जावळ गं, रेखा. पोराचं जावळ आहे हे. ही बाई देवाच्या कामाला नेसून बसलीय. घरातलं सगळ्यात पवित्र कापड नेसून. आणि आपण सगळ्यांनी मिळून तिला काय म्हटलं?"

मला त्या क्षणी आपलंच एक कापड आठवलं. तुलाही आठवलं असणार, कारण तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. माझं पहिलं पोर पोटातच गेलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. थंडी नव्हती, तरी अंग कापायचं. तू कपाटातून तुझा लग्नाचा शालू काढलास आणि माझ्या अंगावर पांघरूण म्हणून घातलास. सासूबाई ओरडल्या, "अगं, डाग पडेल त्याला." तू म्हणालीस, "पडू द्या. ह्या कापडानं चांगलं चांगलं पाहिलंय. तिला तेच पाहिजे आता." आजवर मी तुला त्याबद्दल आभाराचा शब्द बोलले नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. आता बोलते तर ऐकायला तू नाहीस.

*

मग आपलं दुसरं भांडण लागलं आणि ते तसंच राहिलं.

मी म्हटलं, ती बायको नाही, काही नाही. असे फोटो तिकडे फौजींना विकायला ठेवत असतील. आबांनी आवडला म्हणून घेतला. झालं.

तू म्हणालीस, "बाजारात घेतलेला फोटो कुणी जन्मभर जपतं का?"

"माणसं काहीही जपतात. दादांनी पहिल्या मोटारसायकलची किल्ली जपलीय."

"मला वाटतं, आबा तिकडे आजारी पडले असतील. आणि हिनं हे कापड त्यांच्या अंगावर घातलं असेल."

"ताई, तू सिनेमा करतेस."

"करते. पण तू सांग, इतक्या कापडांत नेमकं हेच कापड का?"

मी आवाज चढवला. "तुला कुणी सांगितलं आबा आजारी होते? पुरावा काय?" त्यावर तू दोन-तीन दिवस जरा रुसल्यासारखी होतीस. मग त्या सकाळी मेथी निवडता निवडता स्वतःहूनच विषय काढलास. म्हणालीस, माझं खरं असो नाहीतर तुझं, ही बाई सवत नव्हती, एवढं तरी बापूंना कळलं पाहिजे. आईच्या दुःखापायी ते बापावर आयुष्यभर धुमसत राहिले. ह्या वयात तरी ते ओझं उतरावं. "आज दुपारी सांगूनच टाकते," म्हणालीस.

आणि मला पाणी आणायला पाठवलंस.

*

दशक्रिया बऱ्हाणपूरला तापीच्या राजघाटावर झाली. तेरावं झालं, पाहुणे गेले. घर एवढं शांत झालं की मी दोनदा माग बंद पडले का म्हणून दार उघडून पाहिलं. चालू होते. मलाच ऐकू येत नव्हते.

सगळं उरकल्यावर एका दुपारी बापू जेवून खाटेवर बसले होते. तुझं काम माझ्याकडे आलंय असं मला वाटलं.  मी पेटीतून फोटो काढला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बापू, ताई तुम्हाला काहीतरी सांगणार होती. त्याच दिवशी. ते राहिलं."

त्यांनी फोटो ओळखला. हात पुढे केला नाही, पण उठलेही नाहीत. मग मी सगळं सांगितलं. पट्टा, चौकड्याचं कापड, जावळ, चांदण्यांची नक्षी. मध्ये मध्ये माझं चुकत होतं, तू असतीस तर धडाधड सांगितलं असतंस. शेवटी म्हटलं, "ती आबांची बायको नव्हती. ती उघडी नव्हती. ते कापड आजार होऊ नये म्हणूनचं आहे, बापू."

"कशाचं?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

त्यांनी फोटो घेतला, डोळ्यांपाशी नेला.  म्हणाले, "मला गोवर निघाला होता तेव्हा बापानं हा माझ्या उशाशी ठेवला होता."

मी खालीच बसले, मंदाताई. 

"बाप म्हणायचा, हिच्या कापडानं मला परत आणलं. तापात मेलोच होतो तिकडे, हिच्या कापडानं परत आणलं. मला काय कळे त्या वयात? मला वाटायचं, बाप वेड्यासारखा बोलून राहिला. कापडानं कुणी येतं का परत?" त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. "मी बरा झालो. मग धाकटीला ताप आला. तिच्या पण उशाशी ठेवला. आई म्हणे बऱ्हाणपूरला डॉक्टरकडे घेऊन चला, बाप म्हणे उद्या जाऊ, उतरेल ताप. मध्ये तापीला पूर होता, वाट नव्हती, ते पण खरं. पण आईनं ते मानलं नाही. पोरगी राहिली नाही."

"धाकटी कोण?" मी विचारलं. मला खरंच समजत नव्हतं.

"माझी बहीण."

ह्या घरात तू सून म्हणून आलीस, मी आले, आपली पोरं झाली, त्यांची लग्नं झाली. सगळ्या मेलेल्यांची नावं घेऊन आपण दर वर्षी पितृपक्षात पितृपाटाचं जेवण केलं. एकदाही, एकदाही कुणी ह्या घरात अशी मुलगी होती म्हणून बोललेलं नाही.

"आईनं फोटो भिंतीवर फेकून मारला," बापू म्हणाले. "काच होती त्याला तेव्हा. म्हणाली, ह्या उघडीनं माझी पोर खाल्ली. शेजारपाजाऱ्यांनी तेवढंच ऐकलं आणि सवत-बिवत लावून दिलं. आईनं कधी नाही म्हटलं नाही. मुलीचं सांगण्यापेक्षा सवतीचं सोपं होतं तिला."

 सवतीचं दुःख, बापावरचा राग, घराची अब्रू, किती काय काय आपण त्या फोटोत बघितलं होतं. आणि तू, बिनपुराव्याची, एका कापडाच्या अर्थावरून आबांच्या आजारपणापर्यंत जाऊन पोचली होतीस. बरोब्बर पोचली होतीस. मी तुला सिनेमा करतेस म्हटलं होतं.

बापूंनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग जरा रागानंच म्हणाले, "मंदानं मला का नाही विचारलं?"

"तुम्हाला राग येईल म्हणून."

"आला असता," ते म्हणाले. "पण सांगितलं असतं मी."

आपण बालीत विचारलं, मंदाताई. समुद्रापलीकडच्या, कधी न बघितलेल्या माणसाला आणि त्याच्या आईला विचारलं. बापूंची खाट आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे.

मी उठायला लागले तर त्यांनी मला थांबवलं आणि तिचं नाव सांगितलं. खूप वर्षांत न उच्चारलेलं असल्यासारखं, जरा अडखळत. मग पुन्हा एकदा, नीट.

तिचं नाव कमळ होतं. चालायला लागली होती, बोलायला अजून लागली नव्हती. ती आपली आत्येसासू. एवढं तुला सांगायचं होतं.